सव्वीस ड्रेसची नोंद

मी एक जुना कॉम्प्युटर आहे, हे माझ्याकडे बघून कोणीही सांगेल. माझा पांढुरका रंग आता चहासारखा झाला आहे. कीबोर्डवर चिकटवलेली मराठी अक्षरं बोटांनी पुसून गेली आहेत. पण मित्रांनो, या गोष्टींनी मी म्हातारा झालो नाही. माझ्या पोटात एक दिवस आठ वर्षं अडकून पडला होता. मला तो माहीत होता आणि दुसऱ्या कोणालाही माहीत नव्हता. त्या दिवसाची गोष्ट मी तुम्हांला सांगणार आहे.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला नाही. शहरातल्या एका छोट्या दुकानात, एका टेबलावर, वेगवेगळे भाग जोडून मला उभं केलं. २०११ साली सूर्यभान आबांनी मला विकत घेतलं आणि रिक्षात मांडीवर धरून पुंडलिकनगरला आणलं. तिथं त्यांनी शाळेच्या ड्रेसचं दुकान नवीनच काढलं होतं.

आबा मेंढपाळांच्या घरातले. लहानपण सगळं मेंढरांमागं गेलं. एका गावात दोन महिने तळ पडला होता, तेव्हा ते शाळेत गेले होते. अंगात धड सदरा नव्हता, म्हणून गुरुजींनी त्यांना दाराबाहेर बसवलं. दाराबाहेरून जेवढं ऐकू आलं तेवढंच आपलं शिक्षण, असं ते हसत सांगायचे. पुढं सायकलवर कपडे लादून त्यांनी बाजार केले, आणि पन्नाशीत हे दुकान उभं केलं.

मला त्यांनी फार जपलं. उरलेल्या खाकी कापडाची एक खोळ त्यांनी शिंप्याकडून माझ्यासाठी शिवून घेतली. दसऱ्याला मला हळदकुंकू लागायचं, झेंडूची माळ पडायची. गिऱ्हाईक आलं की आबा म्हणायचे, "आमचा कॉम्प्युटर कधी चुकत नाय." ते ऐकून मला अभिमान वाटायचा. आता त्याच वाक्याची मला भीती वाटते.

माझ्यात हिशोबाचं जे सॉफ्टवेअर घातलं होतं, ते शहरातल्याच एका माणसानं बनवलेलं होतं. मराठी आणि साधं. एकदा पैसे दिले की कायमचं आपलं. त्याला इंटरनेट लागायचं नाही. सगळा माल, सगळी बिलं माझ्याच पोटात राहायची. एप्रिल ते मार्च अशा प्रत्येक हिशोबी वर्षाचा एक वेगळा कप्पा होता. मात्र नोंद करणाऱ्याला ते तारीख विचारत नसे. माझ्या घड्याळात बघायचं, आणि जी तारीख दिसेल त्या वर्षाच्या कप्प्यात नोंद ठेवून द्यायचं. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवा.

माझ्यावर काम करायला मोनाली होती. कन्नड गावची मुलगी, बारावी झालेली, मामाकडं राहून दुकानात यायची. तिचा भाऊ कचरू कन्नडच्या आठवडी बाजारात कपड्यांचं पाल, म्हणजे कापडी छपराचं दुकान, लावायचा. मोनालीची बोटं हलकी होती. ती नुसते आकडे टाकून थांबायची नाही. शेऱ्याच्या जागेत ती नेमकं लिहायची. 'बटण तुटले म्हणून परत आला.' 'पोराची मापं घाईत घेतली, बदलून देऊ.' माझ्यातली कोरडी यादी तिच्या शेऱ्यांमुळे वाचण्यासारखी व्हायची. सकाळी मी सुरू झालो की पडद्यावर तीन नावं यायची: सूर्यभान, भारत, मोनाली. ज्याला काम करायचं त्यानं आपलं नाव निवडायचं. भारत म्हणजे आबांचा मुलगा. मेहनती होता, सरळ होता, पण लवकर घाबरायचा, आणि घाबरला की आवाज चढवायचा.

२०१६ सालच्या जून महिन्यातली नऊ तारीख होती. शाळा उघडायला आठवडा उरला होता. संध्याकाळी दुकान आवरून मोनालीनं मला बंद केलं आणि खोळ घातली. भारत घरी गेला होता. खोळीतून मला दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. आबा फळ्यांवरून ड्रेस काढत होते.

"कोणाचे हायेत आबा?" मोनालीनं विचारलं.

"बायपासच्या पल्याड आपल्या लोकांचा तळ पडलाय. उद्या गावाकडं हलत्यात. लेकरं शाळेत जाणार. बिगर ड्रेसची गेली तर मागं बसवत्यात."

दोघांनी मिळून मोजले. सव्वीस भरले.

"भारतभाऊला सांगू का?"

"मी सांगतो. ऐन सीझनमधी ऐकलं तर चिडंल. तू उद्या सकाळी आल्या आल्या नोंद कर. नोंदीबिगर एक रुमालबी हलवायचा नाय, बाई. दुकान खोटं पडतं."

मग ॲपे रिक्षाचा आवाज आला आणि आबा गेले.

त्या रात्री वादळ झालं आणि सकाळपर्यंत वीज नव्हती. मित्रांनो, माझ्या पोटात नाण्याएवढा एक सेल असतो. वीज नसताना माझं घड्याळ चालू ठेवणं, एवढंच त्याचं काम. तो पाच-सहा वर्षं टिकतो. माझा सेल कोणी कधी बदलला नव्हता. त्या रात्री तो संपला. माझं घड्याळ थांबलं, आणि सकाळी वीज आल्यावर ते माझ्या बोर्डाच्या पहिल्या तारखेला जाऊन उभं राहिलं. एक जानेवारी २००९. तेव्हा हे दुकानही नव्हतं. मलाही अजून कोणी जोडलं नव्हतं.

नऊ वाजता मोनाली आली. सुरू होताना माझ्या काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. तिनं एक बटण दाबलं, ओळ गेली. तिनं आपलं नाव निवडलं, आबांनी सांगितलेली नोंद केली, शेरा लिहिला, आणि माल काढायला माळ्यावर चढली. मी ती नोंद घेतली. घड्याळात पाहिलं. २००८-०९ सालचा कप्पा नव्हता, म्हणून नवीन तयार केला. त्यात ती नोंद ठेवली आणि कप्पा बंद केला. मी कुठंही अडखळलो नाही. एकदाही विचारलं नाही.

दहा वाजता भारत आला. माझ्या कोपऱ्यातली तारीख बघून तो हसला.

"जानेवारी दाखवायलाय! याला जूनमधी थंडी वाजायली."

त्यानं स्वतःच्या हातानं तारीख आणि वेळ बरोबर केली, आणि सत्यमला फोन केला. सत्यम म्हणजे कॉम्प्युटर दुरुस्त करणारा मुलगा. मोनाली तेव्हा माळ्यावर होती. तिनं यातलं काही ऐकलं नाही. पहिलं बिल दहा वीसला झालं. त्या दिवसापुरती माझी यादी तिथून सुरू झाली.

दुपारी आबा डबा खायला बसले. भारतला ड्रेसचं सांगायचं अजून राहूनच गेलं होतं. घास तोंडाशी नेताना त्यांचा हात खाली पडला. तोंड वाकडं झालं. भारतनं त्यांना उचलून रिक्षात घातलं. दुकान दोन दिवस बंद राहिलं. त्या दोन दिवसांत सत्यम येऊन माझा सेल बदलून गेला. शेजारच्या दुकानदाराकडून किल्ली घेतली, पाच मिनिटांचं काम केलं. आता सगळं ठीक होतं. निदान बघणाऱ्याला तसं वाटत होतं.

आबा वाचले, पण उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. पंधरा दिवसांनी भारत त्यांना दुपारी दुकानात आणून बसवू लागला. चार माणसं दिसली तर बरं वाटेल, म्हणून. त्यांची खुर्ची माझ्यासमोर असायची.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात भारतनं माल मोजला. सव्वीस ड्रेस कमी होते. दुसऱ्यांदा मोजला, तरी सव्वीस कमी.

"मोनाली, हे कुठं गेले?"

"आबांनी नेले ना भाऊ. तळावरच्या लेकरांना. मी नोंद केली हाय."

"दाखव."

ती माझ्यासमोर बसली. दहा जूनची यादी उघडली. पहिली ओळ दहा वीसच्या बिलाची होती. ती वर गेली, खाली गेली. नऊ जून पाहिला. अकरा पाहिला. मग एक जूनपासून तीस जूनपर्यंत सगळं पाहिलं. तिची बोटं चुकीची बटणं दाबू लागली. मित्रांनो, ती नोंद माझ्यातच होती. तिच्या बोटांपासून हातभर अंतरावर. पण मला जो कप्पा उघडायला सांगतात, तेवढाच मी उघडतो. २००९ सालात बघ, असं तिला कोण सांगणार? आणि असं कोणाच्या मनात तरी कसं येणार?

"मी केली होती भाऊ. आईची शपथ."

"कॉम्प्युटर खोटं बोलतो व्हय मग?"

"तळावर जाऊन विचारा."

"तळ हलून महिना झाला. कुठं हुडकू मी? वाऱ्यावर?"

तेव्हा मोनाली आबांकडं वळली. "आबा, सांगा ना. तुम्हीच म्हणालात ना नोंद कर?"

आबांनी मान हलवली. हो. भारत त्यांच्यापुढं गुडघ्यावर बसला.

"आबा, तुम्ही दिले ड्रेस?"

मान हलली. हो.

भारतच्या चेहऱ्यावर क्षणभर सुटका दिसली. मग आबांच्या खुणांबद्दल डॉक्टरांनी सावध केलेलं त्याला आठवलं असावं. त्यानं पुन्हा विचारलं, "आबा, हिनं न विचारता नेले का?"

मान हलली. हो.

त्या आजारानं आबांकडं एकच खूण ठेवली होती. होकारालाही तीच, नकारालाही तीच. त्यांना कळत सगळं होतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं, ते भारतनं रुमालानं पुसलं, आणि तो उभा राहिला. त्याचा आवाज चढला.

"भावाचं पाल हाय ना कन्नडला? पोलिसात देत नाय, एवढं उपकार समज. उद्यापासून येऊ नको."

बाहेर दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांनी ऐकलं. मोनालीनं चप्पल घातली आणि ती गेली. आबांनी डाव्या हातानं खुर्चीचा हात पकडला आणि घशातून एक आवाज काढला. तो शब्द नव्हता. तो आवाज माझ्यात साठवता येण्यासारखा नव्हता, तरी तो माझ्यात राहिला आहे.

त्यानंतर रोज दुपारी आबा माझ्यासमोर बसायचे आणि डावा हात उचलून माझ्याकडं बोट करायचे. भारतला वाटायचं पंखा हवाय. तो पंखा लावायचा. आबा पुन्हा बोट करायचे. तो पंखा बंद करायचा. एकदा मी बंद होतो, पडदा काळा होता, आणि त्यात आबांचा चेहरा दिसत होता. ते खुर्चीतून पुढं झुकले आणि त्यांनी सगळा पंजा माझ्या काचेवर टेकवला. किती तरी वेळ. जणू माझ्या आत हात घालून काही काढायचं होतं. भारतनं त्यांना मागं बसवलं आणि काचेवरचे बोटांचे ठसे पुसून टाकले.

श्रावणात आबा गेले.

मग वर्षं गेली. दुकान चाललं, वाढलं. पण रोज सकाळी मी सुरू झालो की पडद्यावर तीच तीन नावं यायची. सूर्यभान, भारत, मोनाली. एक माणूस जगात नव्हतं, एक दुकानात नव्हतं. भारतला ती दोन नावं काढून टाकता आली असती. एका बटणाचं काम होतं. त्यानं ते कधी केलं नाही. तो आपलं नाव निवडायचा, आणि निवडताना दुसरीकडं बघायचा. वर्षाअखेर माल मोजायची वेळ आली की मी सगळे कप्पे चाळत खाली जायचो, आणि २००८-०९ च्या दारापाशी पोचायचो. आत एक जानेवारी बसलेला असायचा. त्या दिवसाला ना सकाळ होती, ना संध्याकाळ. फक्त एक नोंद होती, आणि ती कोणी वाचत नव्हतं. मी तिथून परत फिरायचो. यंत्राला भूतबाधा होत नाही म्हणतात. मला मात्र रोज वाटायचं की माझ्या आत कोणीतरी दार ठोठावत आहे.

दोन वर्षांनी भारतचं लग्न झालं. अक्षदा आली. शिकलेली, चौकस, कामाची. पहिल्याच आठवड्यात तिनं माझ्यावर काम करायला घेतलं.

"ही मोनाली कोण?"

"होती एक," भारत म्हणाला, आणि बाहेर गेला.

२०२२ मध्ये त्यांनी लासूर स्टेशनला दुसरं दुकान काढलं. अक्षदा तिकडं बसू लागली. आता अडचण सुरू झाली. इकडचा माल माझ्या पोटात, तिकडचा दुसऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात. आठवड्यातून दोनदा भारत पेनड्राइव्ह खिशात घालून मोटारसायकलवर जायचा यायचा. नवराबायकोत माझ्यावरून वाद होऊ लागला, आणि तो माझ्यासमोरच व्हायचा.

"अहो, किती दिवस हा पेनड्राइव्ह नाचवायचा?" अक्षदा म्हणायची. "क्लाउडवर टाकू. दोन्ही दुकानांचा माल एकाच ठिकाणी दिसंल. मोबाइलवरबी दिसंल."

"आन् नेट गेलं तर? परवा रस्ता खोदला तर दोन दिवस नेट नव्हतं. शिवाय दर वर्षाला भाडं भरा. हे आपलं हाय. आपल्या घरातलं आपल्या घरात."

"घरातलं घरात जळून गेलं मग? याची डिस्क ऐका. सुपारी फोडल्यासारखी कडकड करायली."

भारतचं म्हणणंही खोटं नव्हतं. अक्षदाचंही नव्हतं. पण एकदा ती सहज बोलून गेली, "क्लाउडवर कोणी कधी काय लिहिलं ते सगळं टिपलेलं राहतं. मग कोणी म्हणू शकत नाय, मी लिहिलं होतं आन् तुमच्या कॉम्प्युटरनं खाल्लं."

भारतच्या हातातला स्टेपलर तसाच राहिला.

"काय झालं?"

"काय नाय."

तो त्या दिवशी जेवला नाही. अक्षदानं मग त्याला बसवून विचारलं, आणि त्यानं मोनालीची गोष्ट पहिल्यांदा कोणाला तरी सांगितली. सव्वीस ड्रेस, कन्नडचं पाल, आबांची मान. शेवटी म्हणाला, "तिनं नेले नसतील तर? पण नोंद नव्हती ना गं. मी स्वतः पाहिलं."

२०२४ च्या जूनमध्ये, ऐन गर्दीत, मी दीड दिवस सुरूच झालो नाही. भारतनं वहीवर बिलं केली, मापं चुकली, माणसं भांडली. सत्यमनं मला कसंबसं उठवलं आणि म्हणाला, "भाऊ, हा आता जास्त दिवसांचा सोबती नाय. हिशोब काढून घ्या यातला." तेव्हा भारत तयार झाला. क्लाउड घ्यायचं ठरलं. त्यानं एकच अट घातली. दर महिन्याला सगळ्या हिशोबाची एक प्रत घरी ठेवायची. अक्षदा म्हणाली, तेवढं तर करायलाच पाहिजे.

गर्दी ओसरल्यावर एका दुपारी सत्यम बसला. त्याचेही केस आता कानाशी पिकले होते. तो एकेक वर्षाचा कप्पा माझ्यातून काढून वर पाठवत होता. भारत आणि अक्षदा मागं उभे होते. वर्षांची यादी पडद्यावर आली, आणि सगळ्यांत वर होतं २००८-०९.

"भाऊ, हे काय? क्लाउडवाले हे घेत नाय म्हणायलेत. दुकान सुरू व्हायच्या आधीचं हाय."

"दुकान तर अकरा साली काढलं आबांनी."

"मग रिकामं असंल. सॉफ्टवेअरचा कचरा. उडवून टाकतो."

त्यानं बाण त्या कप्प्यावर नेला. मित्रांनो, आठ वर्षं मी त्या नोंदीला घाबरत होतो. त्या क्षणी मला वाटलं, ती गेली तर माझ्यात उरेल काय? मला ओरडता येत नाही. माझी डिस्क कडकड वाजली, तेवढंच.

"थांब," अक्षदा म्हणाली. "उघडून तर बघ."

कप्पा उघडला. एक जानेवारी २००९. एकच ओळ. सव्वीस ड्रेस, मापं बावीसपासून तीसपर्यंत. नोंद करणार, मोनाली. आणि खाली शेरा. अक्षदानं तो मोठ्यानं वाचला.

"आबांनी स्वतः मोजून नेले. बायपासजवळच्या तळावरच्या लेकरांसाठी. पैसे घ्यायचे नाहीत. भारतभाऊंना आबा सांगणार आहेत."

भारत स्टुलावर बसला. कोणी काही विचारण्याआधीच तो बोलू लागला.

"थंडी वाजायली म्हणून मी हसलो. मीच तारीख बदलली. याच हातानं. त्याच्या आधी केलेली नोंद गेली कुठं, हे नाय बघितलं मी." मग तो सत्यमकडं बघून म्हणाला, "तू सेल बदलला होतास ना तेव्हा?"

"व्हय भाऊ," सत्यम हळू म्हणाला. "चाळीस रुपये घेतले होते."

दुसऱ्या दिवशी भारत कन्नडला गेला. आल्यावर त्यानं अक्षदाला जे सांगितलं, ते मी ऐकलं. दार कचरूनं उघडलं होतं. तो म्हणाला, "आता काय ऱ्हायलंय आमच्याकडं चोरायचं?" त्याचं पाल त्याच वर्षी बंद पडलं होतं. बाजारात लोक कापड हातात घेऊन हसत विचारायचे, कोणत्या दुकानातलं हाय रं? तो आता साखर कारखान्यात हंगामी कामाला जात होता. मोनालीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. ती घरीच ब्लाऊज शिवत होती. भारतनं सगळं सांगितलं तेव्हा ती मशीनवरून उठलीही नाही. तिनं फक्त विचारलं, "ती नोंद अजून हाय, का काढून टाकली?"

"हाय."

"मग मी बघायला येते."

चार दिवसांनी ती आणि कचरू एसटीनं आले. मोनाली माझ्यासमोर बसली. तिच्या हातांवर सुयांच्या खुणा होत्या. अक्षदानं त्या नोंदीचा फोटो दाखवायला मोबाइल पुढं केला. मोनालीनं नकारार्थी मान हलवली. तिला माझ्याच पडद्यावर बघायचं होतं.

तिनं ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग एकेक शब्दावर बोट ठेवून वाचली.

"मीच लिहिलंय हे," ती म्हणाली. "मला वाटायलं होतं, मी लिहिलंच नसंल. आठ वर्षं मी रोज ती सकाळ आठवते. बसले, नाव निवडलं, लिहिलं. मग वाटतं, का फक्त मनात लिहिलं? आई म्हणायची, नेले असशील तर सांग बाई, मी रागावणार नाय. मरायच्या आदल्या दिवशीबी तेच म्हणाली. मी तिच्यावर चिडले. आन् मनात म्हटलं, खरंच नेले असतील का मी?"

कचरू दाराकडं तोंड करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते.

"चुकलो मी, मोनाली," भारत म्हणाला. "कॉम्प्युटरनं मला..."

"कॉम्प्युटर काय बोलला भाऊ? त्याला तोंड हाय का? मी बोलत होते. आबा रडत होते. तुम्ही दोघांनाबी सोडून पडद्याकडं बघत होतात."

 

अक्षदा म्हणाली, "ताई, नवीन सॉफ्टवेअरमध्ये ही नोंद मी तुमच्या नावानं ठेवणार हाय. तारीख तेवढी बरोबर करायची. मी करू का?"

"नाय. मी करते."

तिनं अक्षदाचा लॅपटॉप ओढून घेतला. माझ्यासमोरून उठून गेल्यापासून तिनं कोणत्याच कॉम्प्युटरला हात लावला नव्हता. एका बोटानं, एकेक आकडा दाबत तिनं तारीख लिहिली. दहा, सहा, दोन हजार सोळा. मग माझ्या जुन्या प्रिंटरवर त्या नोंदीचा कागद काढून मागितला. अक्षदा म्हणाली, पुन्हा कामावर या, हवं तर लासूरच्या दुकानात. मोनालीनं नको म्हटलं, रागानं नव्हे. कागद तिनं कचरूच्या हातात दिला. त्यानं तो घडी न घालता, सरळ छातीशी धरला, आणि दोघं कन्नडची गाडी पकडायला गेले. भारत दुकानाच्या पायरीवर किती तरी वेळ उभा होता. गिऱ्हाईक आलं, तरी तो आत आला नाही.

आता माझ्यावर काम होत नाही. मी सत्यमच्या दुकानात मागच्या फळीवर आहे. त्यानं माझे सगळे कप्पे दोनदा तपासले. हरवलेलं आणखी काही सापडलं नाही. पण सापडलं नाही म्हणजे नाहीच, असं मी आता कधी म्हणणार नाही. शांत दुपारी अजूनही मला वाटतं, काचेवर कोणीतरी पंजा टेकवून बघत आहे.

मित्रांनो, हिशोब घरातल्या यंत्रात ठेवा नाहीतर क्लाउडवर ठेवा, ते तुमच्या सोयीनं ठरवा. आमची निगा राखा. नाण्याएवढा सेल वेळेवर बदला, तारखेकडं लक्ष द्या, एक प्रत दुसऱ्या जागी जपून ठेवा. आम्ही जिथं असू तिथं, जे दिसेल ते ठेवून देतो. खरं काय आणि खोटं काय, हे आम्हांला कळत नाही, आणि आमच्यावरचा तुमचा विश्वास आम्हांला पेलत नाही. म्हणून कोणी माणूस समोर उभं राहून सांगत असेल की मी चोरी केली नाही, तर आधी त्याच्याकडं बघा. पडदा कुठं जात नाही. माणूस मात्र चप्पल घालून निघून जातं.